एका दाढेचा जमाखर्च

बँकेत असताना मी एकदा एक्स-रे यंत्राला कर्ज दिलं होतं. गोष्ट १९९६ सालची. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एका तरुण दंतवैद्यानं नवा दवाखाना थाटायला घेतला होता. खुर्ची, कॉम्प्रेसर आणि भिंतीला लावायचं दातांचं एक्स-रे यंत्र, अशी कोटेशनं घेऊन ते आमच्या शाखेत आले. कर्जप्रकरणं तपासण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. यंत्राची किंमत, मार्जिनची रक्कम, विमा, मासिक हप्ता, सगळं मी पैशापर्यंत तपासलं. पुढे पाहणीला गेलो, यंत्रावर बँकेच्या तारणाची पाटी आहे ना एवढं बघितलं, डॉक्टरांनी मागवलेला चहा घेतला आणि परत आलो. हे यंत्र करतं काय, त्यातून बाहेर पडतं ते काय, हे विचारावं असं काही मला सुचलं नाही. हप्ते वेळेवर येत राहिले. कर्ज फिटलं, खातं बंद झालं.

त्या न विचारलेल्या प्रश्नाचं व्याज मला २०२२ सालच्या उन्हाळ्यात भरावं लागलं.

माझी धाकटी लेक लातूरला दिली आहे. जावई तिथं एका शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवतात. लातूरच्या शिकवण्यांविषयी वाचकांना वेगळं सांगायला नको. बारावीचं विज्ञान आणि लातूर ही जोडी आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लेकीला पाचवा महिना सुरू होता. एका दुपारी तिचा फोन आला. “बाबा, खालची दाढ फार ठणकतेय. इथले डॉक्टर म्हणतात, एक फोटो काढून बघू, मुळाशी काय झालंय ते कळेल.”

फोटो म्हणजे एक्स-रे. मी ताडकन म्हणालो, “अजिबात नको. पोटात लेकरू आहे. दाढेचं काय ते बाळंतपणानंतर बघू.”

घरात माझा शब्द मानतात, याचा मला तोवर अभिमान होता. विहीणबाईंनीही माझीच री ओढली. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. मध्ये दोन दिवस ठणका कमी झाला, तेव्हा “बघ, मी म्हणालो नव्हतो?” असं फोनवर म्हणूनही घेतलं. नवव्या दिवशी पहाटे जावयांचा फोन आला. रात्रीतून तिचा गाल फुगला होता, सूज जबड्याखाली गळ्यापर्यंत उतरली होती. तोंड उघडत नव्हतं, थुंकी गिळवत नव्हती. आम्ही दोघं पहिल्या बसनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. शेकडो वेळा केलेला रस्ता, पण त्या दिवशी सरता सरेना.

दाढेच्या मुळाशी साठलेला पू जबड्याखालच्या जागेत उतरला होता. ही सूज आणखी वाढली असती तर श्वासाची वाटच बंद झाली असती, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. चीर देऊन पू काढला, दाढ काढली, सलाइनमधून औषधं दिली. आणि त्याआधी एक्स-रे काढावा लागलाच. तोंड उघडत नसल्यामुळे तो बारीक फोटो काढणं शक्य नव्हतं, म्हणून डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्रानं अख्ख्या जबड्याचा काढला. म्हणजे जो मी टाळला, त्याहून मोठाच काढावा लागला. चौथ्या दिवशी लेक घरी आली. बाळाचे ठोके व्यवस्थित होते. यात कुठल्याही डॉक्टरचा दोष नव्हता. त्यांनी वेळेवर सांगितलं होतं; आडवा मी गेलो होतो.

दवाखान्याच्या बाकावर बसलेलो असताना जावई खाली मान घालून म्हणाले, “मामा, मला ठाऊक होतं. दाढेच्या फोटोतून पोटापर्यंत काही पोचत नाही. दरवर्षी पोरांना क्ष-किरण शिकवतो मी. पण तुम्ही नको म्हणालात...” पुढं ते बोलले नाहीत. मलाही बोलवलं नाही.

नांदेडला परतल्यावर मी डॉक्टर लेनमध्ये गेलो. दंतवैद्यांचे केस आता पांढरे झाले आहेत. मी कशासाठी आलो ते ऐकून हसले आणि म्हणाले, “साहेब, पाहणीला सव्वीस वर्षं उशीर केलात!” मग दुपारी रुग्ण नसतात त्या वेळात, चार-पाच दिवस त्यांनी मला शिकवलं. ते इथं मांडतो, कारण माझ्यासारखी चूक घराघरात होत असणार.

माझा पहिला गैरसमज यंत्राविषयीच होता. मला वाटे, त्या पांढऱ्या डबीत काहीतरी किरणोत्सारी पदार्थ भरलेला असतो आणि तो सतत पाझरत असतो. तसं काही नसतं. आत एक निर्वात काचेची नळी असते. तिच्या एका टोकाची तार तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. साठ-सत्तर हजार व्होल्टच्या दाबानं ते समोरच्या टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात. त्या धडकेतल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का क्ष-किरण होऊन बाहेर येते, उरलेली नव्व्याण्णव टक्के उष्णता होऊन जाते. बटण सोडलं की किरण संपले. “पण खोलीत, तोंडात काही उरत असेल ना?” मी विचारलं. डॉक्टरांनी दिव्याचं बटण बंद केलं आणि विचारलं, “आता खोलीत उजेड उरला का?”

मग त्यांनी एक जुनी फिल्म खिडकीसमोर धरली. जेमतेम तीन बाय चार सेंटिमीटरची. धातूचं सिमेंट भरलेली दाढ पांढरीशुभ्र, कारण धातू किरणांना अडवतो. दाताचं वरचं कवच पांढुरकं, आतला भाग करडा, मधली नस काळसर. कीड लागते तिथलं खनिज झिजतं, म्हणून तिथं काळी खळगी दिसते. आणि मुळाच्या टोकाशी पू झाला की तिथलं हाड विरतं आणि एक काळा ठिपका उमटतो, मसुराच्या दाण्याएवढा. “तुमच्या लेकीच्या फोटोत पहिल्या दिवशी बहुतेक हाच ठिपका दिसला असता,” ते म्हणाले. वरून बघून तो दिसत नाही. आरशातून नाही, टॉर्चनं नाही.

हल्ली फिल्मच्या जागी बऱ्याच दवाखान्यांत आरव्हीजी असतं. तोंडात एक चपटी वडी ठेवतात आणि चित्र थेट संगणकावर उमटतं. तुलूझच्या फ्रान्सिस मुयँ या फ्रेंच दंतवैद्यानं १९८० च्या दशकात ते शोधून काढलं. त्याला फिल्मपेक्षा कमी किरण लागतात आणि अंधाऱ्या पेटीत हात घालून फिल्म धुण्याची कटकट उरत नाही. अख्ख्या जबड्याचा तो ओपीजी. आणि सीबीसीटी म्हणजे जबड्याचं त्रिमिती चित्र. यात किरण सर्वांत जास्त, म्हणून ते गरजेपुरतंच.

“मग भीती आली कुठून?” मी विचारलं. कारण एवढी सगळी माणसं उगाच भीत नसतात. डॉक्टर म्हणाले, “भीती खोटी नाही साहेब. ती खऱ्या माणसांच्या हातापायांतून आली आहे.” त्यांनी कपाटातून पुस्तकं काढून दिली आणि मी ती घरी नेऊन वाचली.

जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसत होती. शोध जाहीर होऊन पंधरवडा होतो न होतो तोच, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइगच्या ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्यानं स्वतःच्या दातांचा पहिला एक्स-रे काढून घेतला. त्यासाठी ते पंचवीस मिनिटं किरणांसमोर राहिले. आज तेच काम सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात होतं.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचे नामवंत दंतवैद्य होते. दातांचे एक्स-रे रोजच्या कामात आणणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी ते एक. रुग्णाच्या तोंडातली फिल्म ते स्वतःच्या बोटांनी धरत, किरण नीट येतात का हे स्वतःचा हात मध्ये धरून तपासत. वर्षानुवर्षं. मग बोटांना कर्करोग झाला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आधी बोटं गेली, मग हात गेला. १९२८ साली त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. हे वाचताना मला एक जुनं दृश्य आठवलं. थोरला मुलगा लहान असताना त्याला एका दवाखान्यात नेलं होतं. तो तोंडात फिल्म ठरू देईना, तेव्हा तिथल्या मदतनिसानं स्वतःच्या बोटानं ती धरली आणि फोटो निघाला. मी त्याला “फार मदत केलीत” म्हणून वर आभारच मानले होते. त्या बोटांनी दिवसभरात अशा किती फिल्म धरल्या असतील, हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही.

बॉस्टनचे विल्यम रोलिन्स हेही दंतवैद्यच. १९०१ च्या सुमारास त्यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं की हे किरण प्राणघातक ठरू शकतात, पोटातल्या पिलालाही मारू शकतात. नळीभोवती शिशाचं आवरण हवं, झोत अरुंद हवा, असं ते सांगत राहिले. फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलिस स्टुअर्ट या डॉक्टर बाईंनी दाखवून दिलं की ज्या गरोदर बायकांच्या पोटाचे एक्स-रे काढले गेले, त्यांच्या मुलांमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळतं. तेव्हा कुठे जग सावध झालं.

म्हणजे ‘गरोदरपणी एक्स-रे नको’ हे माझं वाक्य खोटं नव्हतं. ते अर्धं होतं. पोटाचा एक्स-रे वेगळा आणि दाढेचा वेगळा. दाढेच्या फोटोत झोत गालावरच्या काही सेंटिमीटर जागेपुरता असतो, आणि पोटाच्या दिशेनं तो सोडलेलाच नसतो. बाळापर्यंत पोचणारा अंश नगण्य. म्हणून गरोदरपणीही गरज असेल तर दातांचा एक्स-रे काढता येतो, असंच वैद्यकशास्त्र सांगतं. उलट मुळाशी पू असताना थांबणं हे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं. अर्धं वाक्य हे पूर्ण खोट्यापेक्षा घातक असतं, कारण ते आपण छातीठोकपणे बोलतो.

आता आकडे. बँकवाल्याला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. शरीराला किती किरणोत्सर्ग पोचला हे मिलिसिव्हर्ट या मापात मोजतात. आपण काहीही न करता, नुसते जमिनीवर राहतो म्हणून, आकाशातून, मातीतून, दगडांतून, श्वासातल्या रेडॉन वायूतून, जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. एका दाढेच्या छोट्या फोटोतून साधारण ०.००५. म्हणजे आपल्याला एका दिवसात निसर्गाकडून जेवढा मिळतो, जवळपास तेवढाच. ओपीजीतून त्याच्या काही पट. पोटाच्या सीटी स्कॅनमधून मात्र आठ-दहा मिलिसिव्हर्टही मिळू शकतात. तिथं दाढेचे दीड-दोन हजार फोटो एकदम होतात. हे सगळे ढोबळ आकडे, यंत्रागणिक बदलणारे. पण माप कळायला पुरेसे.

आणखी एक गंमत. हा नैसर्गिक हिस्सा सगळीकडे सारखा नसतो. आपल्या मराठवाड्याचा काळा पाषाण यात सौम्य; ग्रॅनाइट त्याहून तिखट. आपल्याच जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे काळा पाषाण सरतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो, तिथं दगड बदलला की हा हिशेबही थोडा बदलतो. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे. तिथं हा आकडा इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी मोठा, आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथल्या दीर्घ अभ्यासात कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

“मग वर्षाला किती एक्स-रे चालतात?” हा माझा पुढचा प्रश्न. प्रत्येकाच्या मनात तो असतो. डॉक्टर म्हणाले, “हा प्रश्नच चुकीचा आहे.” जो माणूस किरणांजवळ नोकरी करतो त्याला मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि आपल्या देशात कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य जनतेला, म्हणजे शेजारच्या दुकानदाराला, बाहेर बाकावर बसलेल्याला, वर्षाला १. पण रुग्णाला आकड्याची मर्यादाच नाही. त्याच्यासाठी नियम वेगळा: प्रत्येक फोटोला कारण हवं, आणि कारण असेल तर तो शक्य तितक्या कमी किरणांत निघायला हवा. मला हे लगेच पटलं. आमच्याकडे कॅश क्रेडिटच्या खात्याला मर्यादा असते, तिच्या आत माणूस हवं तेवढं उचलतो. इथं तसं नाही. इथं प्रत्येक व्हाउचर स्वतंत्रपणे मंजूर व्हायला हवं. फायदा खर्चापेक्षा जास्त असेल तर सही, नाहीतर कितीही लहान रक्कम असली तरी परत. म्हणून ‘आलाच आहात तर सगळ्या दातांचा एक काढून टाकू’ हेही चूक, आणि ‘नकोच’ हेही चूक.

काम करणाऱ्यांसाठी सूत्र तीन शब्दांचं: वेळ, अंतर, आडोसा. वेळ कमी. अंतर जास्त; दुप्पट लांब गेलं की किरण निम्मे होत नाहीत, चौथाई होतात. म्हणून बटणाची वायर लांब असते आणि डॉक्टर सहा फूट मागे, झोताच्या वाटेतून बाजूला उभे राहतात. ते आपल्याला खुर्चीत सोडून बाहेर जातात, तेव्हा ‘स्वतः पळतात आणि आपल्याला ठेवतात’ असं कित्येकांना वाटतं. आपला फोटो एक. त्यांचे दिवसाला कितीतरी, आणि वर्षानुवर्षं. केल्स यांची बोटं आठवा. फिल्म धरायला आता प्लॅस्टिकचा होल्डर असतो. डॉक्टर किंवा मदतनिसानं ती हातानं धरायची नसते.

यावर देखरेख ठेवतं अणुऊर्जा नियामक मंडळ. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. गल्लीतल्या दंतवैद्याचं यंत्रसुद्धा त्यांच्या ई-लोरा या प्रणालीत नोंदवावं लागतं, यंत्राचा नमुना मान्यताप्राप्त असावा लागतो आणि ठरावीक मुदतीनं त्याची तपासणी करून घ्यावी लागते. डॉक्टरांनी आपलं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आहे. मी ते नीट वाचलं. सवयच ती.

शिशाच्या ॲप्रनबद्दलही माझी समजूत जुनी निघाली. तो घातला की सुरक्षित, नाही घातला की हयगय, असं मी धरून होतो. अमेरिकन डेंटल असोसिएशननं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं की दातांच्या एक्स-रेसाठी ॲप्रन आणि गळ्याच्या पट्ट्याची आता गरज नाही. झोत आवश्यक तेवढाच अरुंद ठेवणं, हे खरं संरक्षण. कधीकधी ॲप्रनच झोताच्या आड येतो आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत तो अजून घालतात. त्यानं मनाला धीर येत असेल तर जरूर घालावा. पण तो नसला म्हणून भांडू नये.

मग आपण काय करायचं? डॉक्टरांना एकच विचारायचं: “या फोटोतून काय कळेल, आणि त्यानं उपचारात काय बदलेल?” चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. आधीचे फोटो असतील तर ते सोबत न्यायचे, म्हणजे पुन्हा काढायला लागत नाहीत. गरोदर असाल तर आधी सांगायचं, लपवायचं नाही. डॉक्टर त्याप्रमाणे ठरवतील. फोटोच्या वेळी हलायचं नाही, कारण हललेला फोटो म्हणजे फुकट गेलेला खर्च. नांदेडला आणि लातूरला, दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. शंका असेल तर तिथं जाऊन दुसरं मत घेता येतं.

नात आता चालते, पळते, आणि अर्थातच पडते. ती तीन वर्षांची झाली त्याच्या आसपास लातूरच्या घराच्या पायरीवर तोंडावर आपटली. पुढचा दुधाचा दात हलायला लागला. मी तेव्हा तिथंच होतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “एक छोटा फोटो घेऊ.” लेकीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात जुनं सगळं होतं.

मी विचारलं, “डॉक्टर, त्यातून काय कळेल?”

“मूळ मोडलंय का, आणि दात आत सरकून खालच्या पक्क्या दाताला धक्का लागलाय का.”

“मग घ्या,” मी म्हणालो.

पोर एकटी बसेना, म्हणून लेकीनं ॲप्रन घालून तिला मांडीवर घेतलं, जावयांनी समोर मोबाइलवर मांजर दाखवलं. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. क्षणभरात बारीक ‘टीं’ असा आवाज झाला. डॉक्टरांनी आत बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. दुधाचा दात, त्याचं मूळ, शाबूत. आणि त्याच्या वर, हाडाच्या आत, अजून बाहेर यायला चार-पाच वर्षं असलेला पक्का दात, कळीसारखा मिटलेला, आपल्या जागी.

“धक्का लागलेला नाही,” डॉक्टर म्हणाले.

लेकीनं ॲप्रन काढून खुंटीला लावला. मी खिशातून पाकीट काढलं आणि फोटोचे पैसे दिले. पावती मात्र मागून घेतली.